सायकल कोणासाठीं ?

रॉबर्ट पेन या ब्रिटिश ग्रंथकाराचें 'इट्स ऑल अबाउट द बाइक' हें पुस्तक २०१० सालीं प्रसिद्ध झालें, आणि सायकलीवर ज्यांचें प्रेम आहे अशा इंग्रजी जाणणाऱ्या मंडळींत तें तेव्हांपासून आवडीनें वाचलें जातें. पुस्तकाची कल्पना थोडक्यांत सांगण्यासारखी आहे. लेखकाला आपल्या देहाच्या मापाची, आपल्या मनांत भरलेली, उरलेल्या आयुष्याला पुरेल अशी एक सायकल हवी आहे. ती दुकानांत तयार मिळत नाहीं. म्हणून तो तिचा एकेक भाग जेथें सर्वोत्तम होतो तेथें जाऊन घेतो. सांगाडा स्टोक-ऑन-ट्रेंट येथील ब्रायन रॉर्क यांच्या कारखान्यांत तयार होतो. हँडल इटलींतील चिनेल्लीचें, गिअरांचा सरंजाम विचेंझा येथील काम्पान्योलोचा, हँडलाच्या दांड्याखालीं ज्यांवर चिमटा फिरतो त्या छऱ्यांच्या वाट्या अमेरिकेंतील पोर्टलंड शहरच्या ख्रिस किंगच्या. चाकें कॅलिफोर्नियांत बांधलेलीं, टायर जर्मनींतील कोरबाख गांवचे, आणि सीट बर्मिंगहॅमजवळील स्मेथविकच्या ब्रुक्स कारखान्याची. प्रत्येक मुक्कामावर त्या त्या भागाचा इतिहास येतो, कारागिराची ओळख होते, आणि सायकल थोडी पुढें सरकते.

पुस्तक चांगलें आहे हें प्रथमच सांगून टाकतों. जॉन केंप स्टार्ली यानें १८८५ सालीं कॉव्हेंट्रींत 'रोव्हर' नांवाची जी बुटकी, सारख्या चाकांची सायकल काढली, आणि डनलॉप यानें १८८८ सालीं बेलफास्टमध्यें हवेची धांव करून जी भर घातली, त्यांची कथा पूर्वीं अनेकांनीं सांगितली आहे. परंतु पेन ती वस्तूला हात लावून सांगतो. चाकावरचें प्रकरण तर मी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांस गद्यलेखनाचा नमुना म्हणून वाचून दाखवीन. एक हब, एक रिम आणि मूठभर तारा यांच्यापासून एक भरीव वस्तु कशी निर्माण होते, हें पाहणाऱ्याचें नवल त्या प्रकरणांत वाचकापर्यंत पोंचतें. वकिली सोडून सायकलवर पृथ्वीप्रदक्षिणा करून आलेला हा मनुष्य आहे. त्याच्या प्रेमाविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं.

माझी तक्रार निराळी आहे. हें पुस्तक पुन्हां हातीं घेण्याचा योग मला ज्या निमित्तानें आला, त्या निमित्तामुळेंच ती उद्भवली. माझे एक बालमित्र छापखान्यांत मुद्रितें तपासण्याच्या कामावरून निवृत्त झाले आहेत. सदाशिव पेठेंतलें घर, ग्रंथालय, मंडई आणि नदीपलीकडील बहिणीचें घर असें त्यांचें रोजचें सहा-सात किलोमीटरांचें येणें-जाणें. जुनी सायकल चोरीस गेली. रिक्षाचें भाडें पेन्शनीला परवडेना. आणि डाव्या खुब्याला कायमचा ताठरपणा आल्यामुळें चालणेंहि फारसें होईना. त्यांनीं मला सांगितलें, "अरे, मला शर्यतीचा घोडा नको आणि पोळ्याला सजवायचा बैलहि नको. रोज जुंपतां येईल असा बैल दे. आणि सात हजारांवर एक रुपया सांगूं नकोस." सायकली जुळविण्याचा नाद मला तीस वर्षें आहे, हें त्यांस ठाऊक होतें.

हें काम अंगावर घेतल्यानंतर पेनचें पुस्तक मार्गदर्शक म्हणून उघडलें, आणि पहिल्या पांच-पन्नास पानांतच लक्षांत आलें कीं या कामीं तें अगदीं मुकें आहे. त्याचें कारण नुसतें किंमतीचें नाहीं. जो ग्रंथकार प्रत्येक जागीं सर्वोत्तम तेंच घेतो, त्याला निवड अशी करावीच लागत नाहीं. एक भाग घेतल्यानें दुसरा सोडावा लागला, असा प्रसंग त्याच्यावर येतच नाहीं. आपल्याकडे काव्यवेंच्यांचीं पुस्तकें निघतात; त्यांतली प्रत्येक कविता चांगली असते, पण त्या संग्रहाला कोणी काव्य म्हणत नाहीं. पेनची सायकल हा मला असा एक वेंचा वाटतो. क्षेमेंद्रानें ११ व्या शतकांत औचित्य हें काव्याचें जीवित ठरविलें. अलंकार कितीहि मोलाचा असला तरी स्थानीं नसेल तर तो दोषच होतो, हा त्याचा आग्रह होता. औचित्याला मर्यादा लागते. जेथें कांहींच नाकारावें लागत नाहीं तेथें उचित-अनुचिताचा प्रश्न उद्भवतच नाहीं. पेनच्या सायकलीला मडगार्ड नाहीं, कॅरिअर नाहीं, घंटी नाहीं. कोथिंबिरीची जुडी ठेवायला जागा नाहीं. त्यानें ही सायकल आनंदाच्या फेऱ्यांसाठीं केली, तेव्हां या उणिवांचा दोष त्याला देणें अन्यायाचें होईल. परंतु पुस्तकाच्या नांवांत 'सगळें कांहीं सायकलच' असा दावा आहे, आणि जगांत बहुतेक सायकली ज्या कामासाठीं धांवतात तें काम पुस्तकाच्या परिघाबाहेर राहिलें आहे.

स्वतःसाठीं करणें आणि दुसऱ्यासाठीं करणें यांत पहिला फरक मापाचा. पेनचीं मापें रॉर्क यांनीं घेतलीं, आणि कोठें बोंचतें, कोठें ताणतें, हें सांगायला पेन स्वतः हजर होता. मित्राच्या बाबतींत मित्र हजर असतो खरा, पण तो खरें सांगत नाहीं. तो भिडेनें "ठीक आहे" म्हणतो. म्हणून त्यांस भिंतीला पाठ लावून उभें केलें, दोन पायांच्या मध्यें एक जाड शब्दकोश घट्ट वर सरकवून धरावयास सांगितलें, आणि त्याच्या कडेपासून जमिनीपर्यंतचें अंतर मोजलें. आपल्याकडील जुन्या काळ्या सायकली बहुधा २२ किंवा २४ इंची सांगाड्याच्या. माझे मित्र उंचीनें बेताचे, म्हणजे २४ इंची तर बादच. पण २२ इंचीहि त्यांच्या उपयोगाची नव्हती, कारण खुब्याच्या ताठरपणामुळें त्यांचा पाय सीटवरून पलीकडे जातच नाहीं.

येथें या सगळ्या कामांतली खरी अडचण उभी राहिली, आणि ती पैशाची नव्हती. ज्या सांगाड्याला वरची आडवी नळी नाहीं, पाय पुढून सहज ओलांडून घेतां येतो, तोच त्यांस योग्य. आणि त्याला आपण सर्वजण 'लेडीज सायकल' म्हणतों. सूचना करतांच माझे मित्र गप्प झाले. साठी उलटलेला गृहस्थ, पेठेंत चाळीस वर्षें ओळखीचा. तो लेडीज सायकलवरून मंडईंत गेला तर कट्ट्यावर काय बोलतील हें त्यांना दिसत होतें. यावर मीं त्यांच्याशीं वाद घातला नाहीं; इतिहास तेवढा सांगितला. ही रचना गेल्या शतकाच्याहि आधींच्या इंग्रज बायकांच्या पायघोळ झग्यासाठीं निघाली. एच्. जी. वेल्स याची 'द व्हील्स ऑफ चान्स' ही १८९६ सालची कादंबरी सायकलवरच उभी आहे. तिची नायिका झगा टाकून त्या काळीं 'रॅशनल' म्हणून ओळखला जाणारा विजारीचा पोशाख घालते आणि वाटेंतल्या गांवांच्या नजरा तिच्यावर खिळतात. म्हणजे नळी असावी कीं नसावी हा प्रश्न मुळांत कपड्याचा होता. सायकलीला स्वतःला स्त्री-पुरुष भेद ठाऊक नाहीं. हॉलंडमध्यें तर आजोबा-आजी दोघेंहि असल्या सायकलीवर खुशाल बसतात. हॉलंडच्या आजोबांचा उपयोग झाला असें मला वाटत नाहीं. दोन दिवसांनीं त्यांचा निरोप आला तो एवढाच, कीं रंग काळा असावा आणि पुढें टोपली नसावी. हा तह मला मान्य होता.

सांगाडा जुन्या बाजारांत चिमट्यासकट नऊशें रुपयांस मिळाला. जुना सांगाडा घेतांना रंगाकडे पाहूं नये, सांध्यांकडे पाहावें. मागच्या चाकाच्या एका खांचेला दोरा बांधून तो पुढच्या हँडलाच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खांचेपर्यंत ताणावा, आणि सीटखालच्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या दोऱ्याचें अंतर मोजावें. सारखें भरलें तर सांगाडा सरळ. न भरलें तर तो कितीहि चकचकीत असो, दुकानदाराचा निरोप घ्यावा. ही दोन मिनिटांची परीक्षा आहे, आणि टीकाकाराच्या पुष्कळ कसोट्यांपेक्षां अधिक विश्वसनीय आहे. आमचा सांगाडा रंगानें दरिद्री होता, पण दोऱ्याला उतरला.

पैसा कोठें घालावा याविषयीं माझा एक हट्ट आहे: जें फिरतें आणि जें थांबवितें, त्यावर आधीं. जुन्या सायकलींना पोलादी, चकाकणाऱ्या रिमा असतात. कोरड्या दिवशीं त्यांचें चालतें. पाऊस पडला कीं रबर आणि ओला मुलामा यांची गांठ पडून ब्रेक दाबला तरी सायकल बरीच पुढें जाते. पुण्याच्या पावसाळ्यांत, उतारावर, समोर बस आडवी आली असतां तें 'बरीच पुढें' काय असतें याची कल्पना वाचकांनींच करावी. अॅल्युमिनियमच्या रिमेवर तेंच रबर ओल्यांतहि पुष्कळ बरें धरतें. म्हणून रिमा, हब आणि तारा नव्या घेतल्या, प्रत्येक चाकास ३६ तारा. बांधणावळीसह चोवीसशें रुपये झाले. टायर-ट्यूब अकराशें. म्हणजे एकंदर खर्चाचा निम्म्याहून अधिक भाग जमिनीपासून हातभर उंचीच्या आंतच संपला, आणि बाजूनें पाहणाराला त्यांतलें कांहींच दिसत नाहीं.

चाकें बांधलीं तीं आमच्या भागांतील एका मिस्त्र्यांनीं. झाडाखालीं त्यांचें दुकान आहे, आणि त्यांच्या मुलाला तें चालवावयाचें नाहीं. कॅलिफोर्नियांत पेननें जें पाहिलें तेंच मीं येथें पाहिलें. आधीं ढिल्या तारांचें जाळें, ज्याला चाक म्हणवत नाहीं; मग एकेक तार पाव पाव फेरा आंवळणें; मग चाक फिरवून ब्रेकच्या रबरापाशीं डोळा नेऊन 'आऊट' काढणें. शेवटीं ते बोटानें तारा छेडीत गेले, आणि एका बाजूच्या तारांचा स्वर सारखा लागेपर्यंत उठले नाहींत. पेनच्या कारागिराचें नांव जगभर झालें, त्याच्याकडे लोक समुद्र ओलांडून जातात. आमच्या मिस्त्र्यांची मजुरी त्याच्या एका तासाच्या मोबदल्यांत बसेल. कौशल्याची किंमत कोठें राहिल्यानें किती होते, हा विचार पुस्तकांत कोठेंतरी यावयास हवा होता. जो ग्रंथकार सायकलीच्या निमित्तानें दोन खंड पालथे घालतो, त्याच्याकडून ही अपेक्षा अवाजवी नाहीं. जगांतल्या सायकली ज्यांच्या हातांनीं चालत्या राहतात ते बहुसंख्य हात असेच रस्त्याच्या कडेला आहेत.

गिअरांविषयीं थोडें सांगितलें पाहिजे, कारण हल्लीं दुकानांत गेलें कीं पहिला प्रश्न 'गिअरची कीं साधी' असा येतो. सात-आठ हजारांत जी एकवीस गिअरांची, स्प्रिंगच्या चिमट्याची, जाड टायरची सायकल मिळते, ती मला नाटकांतल्या राजाच्या मुकुटासारखी वाटते: दुरून पाहावी. त्या किंमतींत तो चिमटा वजन वाढवितो, धक्का फारसा खात नाहीं, आणि गिअर वर्षभरांत कुरकुरूं लागतात. स्टर्मी-आर्चर यांचा तीन गिअरांचा हब हा खरा शहरी सायकलीचा दागिना. १९०२ पासून ती जात चालत आली आहे आणि तिचें यंत्र हबाच्या पोटांत पावसापासून झांकलेलें असतें. परंतु तो आमच्या आटोक्याबाहेर होता. मग साधा त्रैराशिकाचा उपाय केला. पुढच्या चक्राला ४४ दांते, मागच्या फ्रीव्हीलला १८. चाकाचा घेर सुमारें २०७ सेंटिमीटर. म्हणजे पायाच्या एका फेऱ्यांत सायकल सुमारें ५ मीटर जाते. मागें १८ ऐवजीं २२ दांत्यांचें फ्रीव्हील घातलें कीं तें अंतर ४ मीटरांहून थोडें अधिक होतें, आणि पायावरचा जोर जवळजवळ पांचव्या हिश्शानें उतरतो. मिनिटास ६० फेरे मारले तरी ताशीं सुमारें १५ किलोमीटर वेग राहतो; मंडईला जाणाऱ्या मनुष्याला याहून अधिक कशाला हवा ? फ्रीव्हील आणि नवी साखळी मिळून साडेपांचशें. ज्या खुब्यानें लेडीज सायकल स्वीकारावयास लावली, त्याच खुब्याला पुलाचा चढ या चार दांत्यांनीं सोपा केला.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगतों. ब्रेकना सहाशें, छरे, ग्रीस, दोऱ्या यांना तीनशें, मडगार्ड, साखळीचें झांकण, कॅरिअर आणि दोन पायांचा स्टँड यांना नऊशें. पेडलच्या दांड्याला जुन्या पद्धतीची कॉटर पिन आहे. ती पहिले पंधरा दिवस पुन्हां पुन्हां आंवळावी लागते, नाहींतर पाऊल टाकतांना 'टक्' असा आवाज येऊं लागतो. एकंदर सहा हजार सातशें पन्नास.

हें करीत असतां ज्या पुस्तकांची आठवण वारंवार झाली, तीं पेनच्या पुस्तकाहून पुष्कळ जुनीं आहेत. वेल्सच्या वर उल्लेखिलेल्या कादंबरीचा नायक हूपड्रायव्हर हा कापडाच्या दुकानांतला नोकर. वर्षाची मोजकी रजा, आणि वाहन म्हणून दुसऱ्याची वापरलेली, त्या वेळींहि जुनाट झालेली जड सायकल. वेल्स त्याच्या पायांवरच्या जखमांपासून कथेस आरंभ करतो. त्या सायकलीचा एकहि भाग सर्वोत्तम नाहीं, तरी वाचकाच्या मनांत ती जिवंत राहते. कारण ती कोणाची आहे, त्याला ती किती महाग पडली आणि तिच्यावर बसून तो कोणापासून दूर पळतो आहे, हें आपणांस ठाऊक होतें. डे सीका याच्या १९४८ सालच्या 'बायसिकल थीव्ह्ज' या चित्रपटांत तर घरांतल्या चादरी गहाण टाकून सायकल सोडवून आणावी लागते. त्या सायकलीची बनावट कशी होती हें चित्रपट पाहून आलेल्यास विचारा. तो सांगूं शकणार नाहीं. पण ती चोरीस गेली तेव्हां काय गेलें हें त्याला पक्कें ठाऊक असतें. पेनच्या पुस्तकांत याच्या उलट होतें. प्रत्येक भागाचें कूळ आपणांस कळतें, आणि ती सायकल नाहींशी झाली तर पेनचें काय अडेल, याचा मात्र पत्ता लागत नाहीं. दुसरी घेतां येईल, इतकेंच. जेरोम के. जेरोम याचेंहि नांव घेतलें पाहिजे. त्याच्या १९०० सालच्या 'थ्री मेन ऑन द बमेल'मध्यें एक गृहस्थ दुसऱ्याची धडधाकट सायकल दुरुस्तीच्या उत्साहानें उघडतो आणि छरे जमिनीवर घरंगळतात. मित्रासाठीं सायकल जुळविणाऱ्या प्रत्येकानें तें प्रकरण आधीं वाचावें. मदत आणि छळ यांतलें अंतर तेथें फार विनोदानें दाखविलें आहे.

एका ठिकाणीं मात्र पेन आणि माझे मित्र यांचें पूर्ण एकमत आहे. ब्रुक्सच्या कारखान्यांतलें प्रकरण पुस्तकांत उत्तम उतरलें आहे, आणि त्याचें कारण तो विषयच सर्वोत्तमाच्या हिशेबांत बसत नाहीं. चामड्याची सीट नवी असतां कोणालाच सुखाची नसते. शेंकडों मैल बसून बसून ती बसणाराच्या हाडांचा ठसा घेते, आणि मग ती त्या एकाचीच होते. विकत घेऊन ती तशी मिळत नाहीं. माझ्या मित्रांची सायकल चोरीस गेली तेव्हां तिची सीट घरींच होती, कारण पावसांत भिजून ती लोंबली म्हणून त्यांनीं काढून ठेवली होती. कोणत्याहि मोठ्या नांवाची नव्हे. आपल्याकडचीच, स्प्रिंगची, रुंद, वीस वर्षांची. पुढचा नट दोन फेरे आंवळून चामडें ताणलें, खालच्या अंगास तेल लावलें, आणि ती नव्या सांगाड्यावर बसविली. तिला खर्च शून्य. पेननें आपल्या सीटवर जो ठसा उमटण्याची वाट पाहावयाची आहे, तो येथें आधींच उमटलेला होता. या एका भागापुरती आमची सायकल त्याच्या सायकलीहून वरचढ आहे असें मी म्हणतों, आणि ग्रंथकारासहि तें नाकारतां येणार नाहीं.

रंग राहिला आहे. सांगाड्यावर ठिकठिकाणीं जुना हिरवा दिसतो, आणि काळा द्यावयाचा तर पुन्हां सर्व उघडावें लागेल. तें दिवाळीपर्यंत लांबणीवर टाकलें आहे. दिव्याचाहि निकाल लागलेला नाहीं. टायरवर घांसणारा डायनॅमो घ्यावा तर चढावर तो पायाला जाणवतो, आणि जो जोर आम्ही चार दांते वाढवून वांचविला त्यांतला थोडा परत जातो. बॅटरीचा दिवा घ्यावा तर तो रोज काढून घरांत नेण्याची आठवण ठेवावी लागते. माझ्या मित्रांचें मत डायनॅमोकडे झुकतें, माझें बॅटरीकडे. अडीचशें रुपये शिल्लक आहेत, आणि तूर्त ते अंधार पडण्यापूर्वीं ग्रंथालयांतून निघतात.